जमिनीखालची कामे आणि कागदावरचे शब्द

शाळेची इमारत गळू लागली तर ती गावाला दिसते. रस्त्यावरचे डांबर पहिल्याच पावसात वाहून गेले तर त्याची चर्चा पारावर होते, आणि पुलाचा कठडा वाकला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचा साक्षीदार असतो. परंतु जमिनीच्या पोटात जी कामे होतात त्यांना असा साक्षीदार नसतो. जलवाहिनी किती खोल गेली, रस्त्याखालून जाताना तिच्याभोवती केसिंग घातले की नाही, खडक लागला तो खरोखर खडक होता की मुरूमच होता, हे एकदा माती लोटल्यानंतर कोणालाही सांगता येत नाही. त्या कामाचा उरतो तो केवळ कागद : अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका आणि देयक. त्या कागदावरील शब्दच गावाला कळत नसतील तर ते काम गावाच्या दृष्टीने दोनदा गाडले जाते. एकदा मातीत आणि एकदा भाषेत.

हा प्रश्न आज मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला आहे. लातूर-अंबाजोगाई मार्गावरील रेणापूर हे असेच एक गाव. रेणुकादेवीच्या मंदिरासाठी आणि रेणा नदीसाठी ओळखले जाणारे हे गाव आता नगरपंचायतीचे गाव आहे. अशा गावांत जमिनीखाली जाणाऱ्या वस्तूंची संख्या सतत वाढते आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमुळे खेडोपाडी घरोघर नळ देण्याची कामे निघाली. भारतनेट योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूंच्या तारा नेण्याचे काम हाती घेतले. गटारे, विजेच्या केबली, खाजगी दूरसंचार कंपन्यांच्या नळ्या यांची भर निराळीच. ही सारी कामे रस्ते फोडूनच करायची म्हटली तर रस्ता म्हणून काही शिल्लक राहावयाचे नाही. साहजिकच चर न खणता जमिनीखालून नळ नेण्याच्या तंत्राकडे अभियंते वळू लागले आहेत. तंत्र आले, यंत्रे आली. त्यांची भाषा मात्र इंग्रजीतच राहिली.

चर न खणता

या तंत्राचे स्वरूप समजून घेणे अवघड नाही. त्याचे तीन-चार प्रकार प्रमुख आहेत. पहिल्या प्रकारात रस्त्याच्या किंवा रेल्वेमार्गाच्या एका बाजूस खड्डा घेतात. त्यात यंत्र बसवून पोलादी नळ आडवा पुढे ढकलतात. नळाच्या आत मळसूत्री आकाराचे लांब गिरमिट फिरत असते. ते पुढची माती कापते आणि तीच माती मागे ओढून खड्ड्यात आणून टाकते. दुसऱ्या प्रकारात शक्तिशाली जॅक लावून काँक्रीटचे किंवा पोलादाचे नळ एकामागून एक जमिनीत रेटले जातात आणि पुढच्या नळाच्या तोंडाशी खोदाई चालू राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी ही पद्धत रुळांखालून नळ नेण्यासाठी वापरली होती.

तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत अधिक दिसू लागला आहे. यात यंत्र जमिनीवरच उभे असते. ते तिरप्या दिशेने एक लवचिक दांडा जमिनीत घालते. दांड्याच्या टोकाशी एक प्रक्षेपक असतो. जमिनीवरून चालणारा माणूस हातातील उपकरणाने त्या टोकाची जागा व खोली ओळखतो आणि यंत्रचालक त्यानुसार दिशा वळवतो. प्रथम अरुंद छिद्र पाडले जाते, मग ते रुंद केले जाते आणि अखेरीस त्यातून नळ उलट दिशेने ओढून घेतला जातो. छिद्र ढासळू नये आणि कापलेली माती बाहेर यावी म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीची पातळ स्लरी आत सोडतात. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पाहारो नदीखालून या रीतीने पहिल्यांदा नळ नेण्यात आला. त्याच वर्षी लंडनमध्ये आणखी एका तंत्राची सुरुवात झाली. त्यात जुना फुटका नळ न काढता त्याच्या आतून रसायनात भिजवलेले कापडी अस्तर चढवतात आणि ते कठीण झाले की जुन्या नळात नवा नळ तयार होतो.

या सर्व क्रिया वर्णन करण्यास मराठी अपुरी पडत नाही, हे या वर्णनावरूनच ध्यानात यावे. ढकलणे, रेटणे, ओढणे, रुंद करणे, अस्तर लावणे हे सारे शब्द घरातले आहेत. तरीही या कामांच्या कागदपत्रांत ते दिसत नाहीत.

शेतकऱ्याचे शब्द

मराठवाड्यातील शेतकरी या तंत्राला सर्वस्वी अपरिचितही नाही. विहिरीचे पाणी आटू लागले की तिच्या तळाशी, काठाच्या आतल्या बाजूने, आडवी छिद्रे पाडून झरे मोकळे करण्याची रीत येथे आहे. त्याला रेणापूर परिसरात काय किंवा अन्यत्र काय, सगळीकडे 'आडवे बोअर' असेच म्हणतात. 'बोअर' हा शब्द इंग्रजी, 'आडवे' हा मराठी. दोघांनी मिळून संसार केला आणि तो सुखाने चालला आहे. हा शब्द कोणत्याही समितीने घडवला नाही. त्याची गरज पडली, खिशातून पैसा गेला आणि शब्द जन्माला आला. अभियंते ज्या तंत्राला तीन लांबलचक इंग्रजी शब्दांनी आणि त्यांच्या तीन आद्याक्षरांनी ओळखतात, ते म्हणजे दिशा वळवता येणारे आडवे बोअरच होय. 'दिशादर्शी आडवे बोअर' असे म्हटले तर रेणापूरच्या आठवडी बाजारातील शेतकऱ्यालाही त्याचा अर्थ निम्म्याहून अधिक आपोआप कळेल.

'केसिंग' या शब्दाची कथाही अशीच. कूपनलिका घेताना वरची माती ढासळू नये म्हणून जो नळ आत उतरवतात त्याला शेतकरी केसिंग म्हणतो. किती फूट केसिंग लागले यावर बिलाचा आकडा ठरतो, हेही त्याला पाठ असते. रस्त्याखालून जलवाहिनी नेताना तिच्या संरक्षणासाठी बाहेरून जो मोठा नळ घालतात तोही केसिंगच. येथे 'कवचनलिका' असा नवा शब्द घडवून काय साधणार? लोकांनी जो शब्द पचवला आहे तो परका राहिलेला नाही. जेसीबी हे एका कंपनीचे नाव. आज ते खोदाई यंत्राचे सामान्यनाम झाले आहे आणि त्याबद्दल कोणी शोक करीत नाही.

शब्दांचा प्रवास नेहमी एकाच दिशेने होतो असेही नाही. 'मुरूम' हा आपल्या मातीतला शब्द. तो बांधकाम खात्याच्या इंग्रजी दरसूचीत जाऊन बसला आणि तेथे त्याला कोणी भाषांतरित केले नाही. कारण दख्खनच्या काळ्या पाषाणावर जो झिजलेला थर असतो त्याला इंग्रजीत तितका नेमका शब्द नव्हता. खोदाईचे दर मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक असे वेगवेगळे असतात. काळ्या जमिनीचा कस वेगळा, तिच्याखालच्या मुरमाचा वेगळा आणि पाषाणाचा वेगळा, हे ज्याने आयुष्यात एक विहीर खणून घेतली आहे त्याला अभियंत्याने शिकवावे लागत नाही. म्हणजे ज्या एका मुद्द्यावर जमिनीखालच्या कामाचा खर्च कमी-जास्त होतो, त्या मुद्द्यावर गावकरी जाणकार आहे. त्याला मोजमाप पुस्तिकेतली ओळ वाचता आली तर तो प्रश्न विचारू शकेल. ती वाचता येत नाही, एवढीच अडचण आहे.

भाषांतराची भूल

याचा अर्थ मराठीकरणाच्या नावाखाली काहीही चालेल असा नव्हे. इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवणे ही एक चूक असेल, तर त्याचे शब्दशः भाषांतर करणे ही दुसरी. ज्या पद्धतीत माणूस आत न शिरता, बाहेर बसून यंत्र चालवले जाते आणि त्यामागोमाग नळ रेटले जातात, तिच्या इंग्रजी नावात 'सूक्ष्म' या अर्थाचा उपसर्ग आहे. त्यावरून 'सूक्ष्म बोगदा' असा शब्द सहज सुचतो. पण असा बोगदा एक मीटर व्यासाचाही असू शकतो. 'सूक्ष्म' म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यापुढे सूक्ष्मदर्शक येतो आणि खरी गोष्ट, म्हणजे माणूस आत जात नाही ही, हरवून जाते. 'दूरचालित नळबोगदा' म्हटले तर शब्द लांबतो, पण खोटे बोलत नाही.

या साऱ्या तंत्रसमूहाच्या नावाचीही तीच स्थिती. 'विनाखोदाई' हा शब्द कानाला गोड वाटतो. विक्रेत्यांना तर तो फारच सोयीचा. परंतु तो खरा नाही. गिरमिटाने किंवा जॅकने नळ घालायचा तर एका टोकाला यंत्र उतरवण्याचा आणि दुसऱ्या टोकाला नळ बाहेर काढण्याचा असे दोन खड्डे घ्यावेच लागतात, आणि ते कधी चांगले विहिरीएवढे खोल असतात. टळतो तो त्या दोहोंमधला लांब चर. म्हणून 'विनाचर' हाच प्रामाणिक शब्द. 'चर' हा शब्दही नवा नाही. पाणलोट विकासाच्या कामांनी 'सलग समतल चर' हा शब्दप्रयोग डोंगरउतारावरच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचवला आहे. खंदक किल्ल्याभोवती असतो, चर शेतात असतो. कोणता शब्द उचलायचा हे शेताला विचारूनच ठरवावे.

ज्या इंग्रजी शब्दांचा आपल्याला एवढा धाक वाटतो ते तरी कोठल्या विद्यापीठात जन्मले? बोगद्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ पिंपाच्या नावात आहे. मार्क ब्रुनेल याने थेम्स नदीखालचा बोगदा १८२५ ते १८४३ या काळात खोदविला, तेव्हा खोदणाऱ्या मजुरांच्या संरक्षणासाठी त्याने जी लोखंडी चौकट पुढे सरकवत नेली तिला नाव दिले 'ढाल'. हवेच्या दाबाने ठोसे मारीत जमिनीतून पुढे सरकणाऱ्या छोट्या यंत्राला इंग्रज कामगारांनी जमीन पोखरणाऱ्या आपल्याकडील एका प्राण्याचे नाव दिले. तो प्राणी महाराष्ट्रात नाही. पण बांध पोखरणारी घूस कोणाला ठाऊक नाही? त्या यंत्राला मराठीत 'घूस' म्हटले तर हसू येईल खरे, परंतु इंग्रजांनाही प्रथम ते आलेच असेल. परिभाषा भारदस्त असावी हा आग्रह मुळात कारागिरांचा नाही, तो कचेऱ्यांचा आहे.

इतिहासाची साक्ष

भूमिगत जलवाहिन्या ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगरातील पाणी भूमिगत मार्गाने आणले, ती नहर-ए-अंबरी. लातूरच्या शेजारी बीदर येथे बहामनी काळातील करेज आहे. उभ्या विहिरी खणून त्या जमिनीखालून बोगद्याने जोडलेल्या. बुऱ्हाणपूर येथे मोगल काळात याच तत्त्वावर जी रचना झाली ती 'कुंडी भंडारा' म्हणून ओळखली जाते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणले आणि त्या भूमिगत मार्गावर हवा खेळती राहण्यासाठी व आत उतरण्यासाठी जे उभे झरोके ठेवले त्यांना पुणेकरांनी 'उच्छ्वास' म्हटले.

चार ठिकाणी चार नावे. कोठे फारसीतून आलेली नहर, कोठे करेज, कोठे बोलीतील कुंडी, तर कोठे शुद्ध संस्कृत उच्छ्वास. ज्या त्या गावाने आपल्या जिभेला रुचला तो शब्द उचलला आणि पुढे चालवला. यात शुद्धीचा सोस नव्हता आणि न्यूनगंडही नव्हता.

शब्द जिवंत असले की अर्थही बदलतात. 'सुरुंग' हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुंगा' या रूपाने भुयारी वाट या अर्थी येतो आणि तो नळीवाचक ग्रीक शब्दावरून आला असावा असे काही अभ्यासक मानतात. हिंदीत आजही त्याचा अर्थ बोगदा असाच आहे. मराठीत मात्र तो खडकात भरायच्या दारूपुरता उरला. 'सुरुंग लावला' म्हटले की आपल्याला धमाकाच ऐकू येतो. म्हणूनच केंद्राने हिंदीत केलेली परिभाषा जशीच्या तशी मराठीत उतरवणे धोक्याचे असते. हिंदीतला बोगदा मराठीत स्फोट ठरू शकतो.

शब्द कोठे रुजतो

परिभाषेच्या बाबतीत मराठवाड्याने एक धडा फार जवळून पाहिला आहे. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथे उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम होते आणि विविध शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी 'दारुल तर्जुमा' ही स्वतंत्र संस्था होती. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी शिकवता येते हे त्या प्रयोगाने सिद्ध केले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी होती. तिच्या व्यवहारात ती पंडिती परिभाषा कधी उतरलीच नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्यानंतर ती परिभाषाही मागे पडली. टिकले कोणते शब्द? तर 'पटवारी', 'गिरदावर' असे महसुली शब्द. मराठवाड्यातील वृद्ध माणसे आजही ते सहज वापरतात. कारण जमीन आणि पैसा यांच्या कागदावर ते रोज येत होते.

स्वातंत्र्योत्तर काळातही हेच घडले. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले. अर्थशास्त्रापासून अभियांत्रिकीपर्यंत अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. त्यामागे मोठी विद्वत्ता आणि परिश्रम होते. त्यांतील कितीतरी शब्द मात्र कोशाच्या पानांवरून खाली उतरले नाहीत. याउलट 'निविदा' हा संस्कृत वळणाचा, मुद्दाम घडवलेला शब्द आज प्रत्येक कंत्राटदाराच्या तोंडी आहे, कारण निविदेची सूचना वर्तमानपत्रांत मराठीतून छापून येते आणि ती वाचल्याशिवाय काम मिळत नाही. 'ठिबक सिंचन', 'तुषार सिंचन', 'शेततळे' हे शब्द रुजले, कारण अनुदानाच्या अर्जावर तेच छापले होते. पाटबंधारे खात्याने कालव्याच्या अस्तरीकरणाची गोष्ट काढली आणि शिंप्याच्या दुकानातले 'अस्तर' सिमेंटचे झाले. तेच अस्तर आता नळाच्या आत जायला काय हरकत आहे?

निष्कर्ष उघड आहे. शब्द कोशात जन्मतो, पण रुजतो तो अंदाजपत्रकात. ज्या कागदावरून पैसा हलतो त्या कागदावर मराठी शब्द असेल तर तो महिन्याभरात पाठ होतो. नसेल तर शंभर परिसंवादांनीही तो रुजत नाही.

अज्ञानाची किंमत

हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. वस्तुतः हा अर्थकारणाचा प्रश्न आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जमिनीखालच्या कामांना हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. मोटार निदान चालवून तरी पाहता येते. पुरलेला नळ पाहताही येत नाही. अशा व्यवहारात घेणारा, म्हणजे गाव, चांगल्या आणि वाईट कामात भेद करू शकला नाही तर चांगले काम करणाऱ्या कंत्राटदाराला तरी चांगले काम करण्याचे कारण काय उरते? गावाचे अज्ञान प्रामाणिक माणसालाही महाग पडते.

दुसरी बाब खर्चाची. उघडा चर खणून नळ टाकणे स्वस्त आणि विनाचर पद्धत महाग, असा सर्वसाधारण समज आहे. अंदाजपत्रकापुरता तो अनेकदा खराही असतो. परंतु उघड्या चराचा सगळा खर्च अंदाजपत्रकात येतच नाही. महिनाभर दुकानासमोर चर राहिला तर दुकानदाराची विक्री बुडते, एस.टी. वळसा घालते, रुग्णाला खाटेवरून न्यावे लागते, आणि नीट न दाबलेला चर पावसाळ्यात खचून नवा रस्ता पुन्हा फुटतो. काळ्या जमिनीत तर हे ठरलेलेच. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हा सामाजिक खर्च कंत्राटदार देत नाही, शासन देत नाही, गाव देते. दोन पद्धतींची तुलना गावापुढे मराठीत मांडली गेली तर कोठे चर चालेल आणि कोठे आडवे बोअरच हवे, हे गाव स्वतः सांगू शकेल. जेथे मोकळे शेत आहे तेथे महाग यंत्राची गरज नाही, आणि जेथे बाजारपेठेचा रस्ता आहे तेथे स्वस्त चर परवडणारा नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला केवळ कागद मागण्याचाच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही अधिकार दिला. जमिनीवरच्या कामात तो अधिकार उपयोगी पडतो. जमिनीखालच्या कामात पाहणी अशक्य, नमुना दुर्मीळ; म्हणजे पुन्हा कागदच. आणि हा कागद इंग्रजी आद्याक्षरांनी भरलेला असेल तर कायद्याने दिलेला हक्क भाषेने काढून घेतला असेच म्हणावे लागेल. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने खोदाईपूर्वी जमिनीखालच्या तारा-नळांची माहिती मिळावी म्हणून एक स्तुत्य सोय उपलब्ध करून दिली. तिचे नाव मात्र 'कॉल बिफोर यू डिग'. ज्या जेसीबी चालकाने ती वापरावी अशी अपेक्षा आहे त्याला 'खणण्याआधी विचारा' हे चटकन कळले असते.

मजुराचा जीव

पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती मजुराच्या जिवाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. सतरा दिवस साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ढिगाऱ्यातून पोलादी नळ रेटण्यात आला. तो याच विनाचर तंत्राने. गिरमिटाचे अवजड यंत्र मध्येच मोडले आणि शेवटचे सुमारे दहा-बारा मीटर अंतर, जेमतेम ८०० मिलिमीटर व्यासाच्या नळात शिरून, हाताने खोदणाऱ्या मजुरांनी पार केले. शहरांतील रस्त्यांखालून जलवाहिन्या आणि मलवाहिन्या नेण्याच्या कामात तयार झालेले ते हात होते. त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांनी कितीतरी इंग्रजी शब्द आणि 'उंदराचे बीळ' यासारखी भाषांतरे छापली. ज्या कामाने ४१ जीव वाचले त्याला सांगण्याजोगे नाव आपल्यापाशी तयार नव्हते.

दुसरी घटना आपल्या पाण्याशी थेट निगडित आहे. कृष्णा खोऱ्यातील पाणी मराठवाड्याकडे वळविण्याच्या योजनेतील नीरा-भीमा बोगद्याच्या कामावर, इंदापूर तालुक्यात, २० नोव्हेंबर २०१७ रोजी खोल उभ्या विहिरीतून मजुरांना वर आणणाऱ्या क्रेनचा दोर तुटला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. केवळ शब्दांनी ते वाचले असते असा दावा कोणी करणार नाही. परंतु धोक्याच्या जागेचे नाव, उतरण्याचा नियम आणि थांबण्याची सूचना मजुराच्या भाषेत असणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, याबद्दल दुमत नसावे.

येथे एक आक्षेप येईल. अशा कामांवरचे बरेच मजूर परप्रांतातून येतात, मग मराठी परिभाषेचा त्यांना काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की कामाच्या जागेवरील सूचना मजुराच्या भाषेत आणि चित्रात असाव्यात. कामाचा कागद मात्र ज्या गावाचे काम आहे त्या गावाच्या भाषेत असावा. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या वतीने येईल. अभियंत्याला जगात कोठेही नोकरी करावयाची, तर त्याने इंग्रजी संज्ञा शिकूच नयेत काय? जरूर शिकाव्यात. परंतु ज्याला आपल्या आजोबांना आपले काम मराठीत सांगता येत नाही, त्याला ते इंग्रजीत तरी पुरते कळले आहे काय, हा प्रश्न उरतोच. २०२१ पासून मराठी माध्यमातून अभियांत्रिकी शिकण्याची वाट खुली झाली आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. गौरव झाला, आता कामाला जुंपण्याची वेळ आहे.

करता येण्याजोगे

यासाठी मोठा निधी लागत नाही. जमिनीखालच्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या अंदाजपत्रकाला एका पानाचा मराठी गोषवारा जोडावा : नळ कोठून कोठे, किती खोल, कोणत्या पद्धतीने, केसिंग किती, मुरूम किती, खडक किती. तोच गोषवारा कामाच्या फलकावर लिहावा आणि गावाच्या पाणीपुरवठा समितीपुढे वाचून दाखवावा. काम झाल्यावर नळ प्रत्यक्षात कोठून गेला त्याचा नकाशा, मराठी खुणांसह, ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत ठेवावा. नाही तर पाच वर्षांनी दुसरे खाते तोच नळ फोडते.

परिभाषेचे कामही मुंबईच्या दालनात बसून करण्याची गरज नाही. लातूर-नांदेडची तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांच्या विद्यार्थ्यांनी विहीर खणणारे, बोअर घेणारे, नळ जोडणारे कारागीर कोणते शब्द वापरतात याची नोंद केली, तर भाषा संचालनालयाला निम्मा कोश आयता मिळेल. उरलेल्या निम्म्यासाठी पंडितांचे साह्य घ्यावे. 'गिरमिट', 'रेटा', 'अस्तर', 'आडवे बोअर', 'विनाचर' हे शब्द येथे केवळ वानगीदाखल दिले आहेत. याहून चांगले शब्द कोणी सुचवले तर त्यांचे स्वागतच व्हावे. आग्रह शब्दाचा नाही, तो कागदावर येण्याचा आहे.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा या भागाने पाण्याची किंमत साऱ्या देशाला दाखवून दिली. त्या पाण्याची गळती यापुढे जमिनीखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता, होणार आहे. ती कोठे होते हे विचारण्यासाठी रेणापूरच्या माणसाला प्रथम तो नळ कोणत्या रीतीने घातला हे वाचता आले पाहिजे. पुढच्या अंदाजपत्रकापासून तेवढी सोय करणे कोणत्याही कार्यकारी अभियंत्याच्या अधिकारात आहे.